हवा

तैस्तोने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या.
निवृत्त झाला, आणि तांपेरेतल्या तिसऱ्या मजल्यावर
स्वयंपाकघराच्या टेबलाशी वाद्य बांधायला बसला,
लाकूड नाही, तार नाही, एक स्क्रूसुद्धा नाही:
पडद्यावर पेट्या, पेट्यांशेजारी पेट्या,
त्यांतून लोंबणाऱ्या पिवळ्या-निळ्या वायरी.

मी एकदाच आत डोकावले.
एकशे बेचाळीस पेट्या.
एक लाट जन्माला घालणारी, एक लाट चाळणारी,
एक लाटेला दोन सेकंद उंबऱ्यावर थांबवून मग आत सोडणारी,
आणि कोपऱ्यात एक नुसतीच मोजत बसलेली,
एक दोन तीन सात, एक दोन तीन सात.
चार-पाच-सहानं हिचं काय घोडं मारलंय, मी विचारलं.
हिशेब मागू नकोस, तो म्हणाला, ऐक.

मग त्याने एक कळ दाबली आणि सगळं मिटलं.
उरली राखाडी पाटी, तिच्यावर आठ नॉब.
झाकली मूठ.
"लिफ्टमधल्या माणसाला दोरखंड दाखवायचा नसतो, साइमी.
मजल्यांचे आकडे दाखवायचे."

नावंही त्याचीच.
खोली. धार. गर्दी. उशीर.
लोखंड. परत.
सातव्याला आपल्या मेलेल्या कुत्रीचं नाव दिलं होतं,
तो फिरवला की खर्जात काहीतरी कूस बदलायचं.
आठव्यावर फक्त: हवा.
"घाबरलीस तर हा फिरव. हळू. डावीकडून."

फेब्रुवारी. जुन्या सूतगिरणीचं तळघर.
बाहेर उणे एकोणीस, आत माणसंही एकोणीस
आणि एक ओलं कुत्रं.
माझ्यापुढे हातभर लांबीची पेटी, आठ खऱ्या खुंट्या;
मी पिळते, आणि पडद्यावरचे खोटे नॉब वळतात
अर्धा श्वास मागून.

वीस मिनिटं बरी गेली.
मग गर्दी जरा जास्त झाली,
लोखंड कधी चढलं कळलं नाही,
स्पीकर किंचाळला, पुढच्या रांगेतल्या बाईने कॉफीचा कप छातीशी धरला,
आणि मला आठही नावं परक्या भाषेतली वाटू लागली.
तळवा ओला. बोटं आपणहून शेवटच्या खुंटीवर.
हळू.
डावीकडून.

आणि आवाज उघडला.
लोखंड मागे सरलं, मधे मोकळी जागा झाली,
तीत ती मोजणारी पेटी स्पष्ट ऐकू आली,
सातनंतरची तिची दमसुद्धा.
तेव्हा माझा डावा हात कुठे होता, आठवत नाही.
त्याच सुमारास कुणीतरी कुत्र्याला बाहेर नेलं, दार उघडं राहिलं,
हे मात्र आठवतं.

"मधे तुम्ही ते खिडकीसारखं काय केलंत?"
कॉफीवाल्या बाईने कोट चढवता चढवता विचारलं.
मी पाटीकडे बोट केलं. "हवा."

घरी येऊन पाटी उलटली.
आठव्या नॉबपासून निघाले, वायरीला धरून जायचं म्हणून.
वायर नव्हती.
पुन्हा शोधली. नॉब नुसताच,
कुणाच्या पोटात न जाणारा, शून्यापासून शंभरापर्यंत
आपल्याशीच फिरणारा.

रात्री एक वाजता तैस्तोने पहिल्या घंटीला फोन उचलला.
"लिफ्टमध्ये दार लवकर मिटायचं बटण असतं ना," तो म्हणाला,
"मी कितीतरी बसवली. काही नुसतीच.
दार आपल्या वेळेनंच मिटतं.
पण माणूस उभा असतो, हाताला काहीतरी हवं."

मग आज खिडकी कुणी उघडली?

"ते मला काय माहीत. मी तिथे नव्हतो."
आणि मागे किटली शिट्टी वाजवू लागली म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढच्या महिन्यात ओउलूला वाजवायचंय.
वायर जोडायला एक क्लिक पुरे.
दोनदा माउस तिथवर नेला.
शेवटी आठवा नॉब फक्त थोडा मोठा केला,
अंधारात, न बघता
नजरेला सापडेल इतका.