एकास दहा

पंधरा मेपर्यंत वूच शहरात
कुणी टोमॅटो उघड्यावर लावत नाही.
थंड सोफियाचा दिवस उलटला, की मग.
हे मला गेनोवेफाबाईंनी सांगितलं
वाफ्याची किल्ली हातावर ठेवताना,
आणि किल्लीमागोमाग दाखवलं ते निळं पिंप,
ज्यात त्या पूर्वी कोबी आंबवायच्या.
"यात पोक्शिवा कुजव.
झाकण घट्ट लावू नकोस, फुटेल."

पोक्शिवा, म्हणजे ट्रामच्या रुळांकडेला माजते ती,
पोटरीला नुसती घासली तरी रात्रभर आग आग.
वॉर्डातले हातमोजे घालून मी ती कापली
(चोरलेले नव्हेत, मुदत संपलेले),
पाण्यात दाबली, वर वीट ठेवली.
तिसऱ्या दिवशी फेस.
आठव्या दिवशी शेजारचे वात्सवाफ
सिगारेट पेटवून कुंपणाशी आले,
म्हणाले, "वास मरावा म्हणून ओढतोय. एरवी सोडलीय."
बाराव्या दिवशी पाणी शिळ्या चहासारखं काळपट,
आणि वास :
गोठा, गटार, आणि त्यात कुठेतरी भिजलेलं कुत्रं.

एकास दहा, बाई म्हणाल्या होत्या.
एक मग अर्क, दहा मग पाणी.

मी एकवीस वर्षं रात्रपाळी करते.
मिनिटाला किती थेंब, ते मला घड्याळ न बघता कळतं.
पण वाफ्यावर सही करायला तक्ता नव्हता,
विचारणारं कुणी नव्हतं
आणि रोपं इतकी किडकिडीत,
की मी एकास तीन केलं.
तेही दिवसाआड.

जूनअखेर काय ती झाडं!
बुंधे अंगठ्याएवढे, पानं काळीशार हिरवी,
कडांनी आत वळलेली, मुठी आवळल्यासारखी.
फूल एकही नाही.
वात्सवाफ बघून गेले. काही बोलले नाहीत.
मग परत आले.
"तडस लागेस्तोवर जेवलेलं पोर कामाला हलत नाही.
आता नुसतं पाणी."
किती दिवस?
"मागतील तोवर."
झाड मागतं कसं, ते विचारायचं राहिलं.

नुसतं पाणी घालत राहणं अवघड असतं.
वॉर्डातही असंच. लेकी, सुना, जावई,
सिस्टर, अजून काही लावता येईल का?
डॉक्टर सलाईन काढायला सांगतात
आणि ते माझ्याकडे बघतात,
जणू मीच हात धुऊन मोकळी झाले.

हात तर मी त्या दिवसांत किती धुतले.
साबण, स्पिरिट, लिंबू, पुन्हा साबण.
वास हटला नाही.
खाट क्रमांक चार, लेओकाद्या, वय नव्वद,
ईस्टरपासून चकार शब्द नाही.
उशी सरळ करत होते, तर तिनं माझं मनगट धरलं,
नाकाशी नेलं
आणि स्वच्छ आवाजात म्हणाली,
"झाकण सैल ठेवलंयस ना?"
मी हो म्हणाले.
"पाणी किती?"
मी दहा म्हणाले. खोटं बोलले.
ती बघत राहिली,
पिंप सांभाळलेल्या बाया बघतात तशी.
"पावसाचं घाल," म्हणाली, "नळाचं नको."
आणि भिंतीकडे वळली.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला घोस.
चार फळं, त्यातलं एक तडकलेलं.
तडकलेलं मी मीठ लावून तिथंच उभ्यानं खाल्लं,
रस कोपरापर्यंत.
एक वात्सवाफना दिलं. त्यांनी सिगारेट विझवली.
उरलेली दोन कागदात गुंडाळून रात्रपाळीला नेली.

खाट चारवर आता दुसरी बाई आहे.
किडनीची पेशंट, टोमॅटो वर्ज्य.
खिडकीच्या कठड्यावर ठेवलेत दोन्ही.
पिकायला नाही. पिकलेलेच आहेत.