चिमूट आणि मूठ

मेघनेच्या तोंडाशी चर बेलतली.
नदी दरसाल त्याची एक कड खाते
आणि दुसऱ्या अंगाला थोडी माती थुंकते.
तिथं मी घरोघर जायचे.
झोळीत खूण केलेलं भांडं,
तोंडात पाठ केलेली सात वाक्यं.

पेशीचं पटल रोशनआरा आपांनी शिकवलं
ते बारिसालच्या लाँचवर, रात्री.
डेकवर माणसं दोन रांगांत निजलेली,
डोकी कठड्याकडे, पाण्याच्या वाऱ्यात,
पाय आतल्या बाजूला, एकमेकांत गुंतलेले, कोरडे.
"अस्संच असतं," त्या म्हणाल्या. "चरबीचे कण.
डोक्यांना पाणी आवडतं, पायांना सोसत नाही.
आणि बघा, कुणी सरकतं, कुणी कूस बदलतं,
तरी रांग मोडत नाही."
तेवढ्यात चहावाला पोरगा रांगा ओलांडून गेला,
कुणाच्या बोटावरही पाय न देता.
"हा प्राणवायू. याला कोण अडवतंय?
मिठाला मात्र दार लागतं, मुलींनो."

ते दार मला कळलं मोरियमच्या घरी.

दुलू, अडीच वर्षांचा, चटईवर.
तांदळाच्या धुवणासारखं पाणी त्याच्यातून चाललेलं.
डोळे खोल. पोटाची कातडी चिमटीत धरली
तर सोडल्यावरही तशीच उभी.
सासू म्हणत होती, पाणी तोडा,
जेवढं घालाल तेवढं जाईल.
मोरियमनं चोरून रात्रभर मीठपाणी पाजलेलं.
नुसतं मीठ, तेही ओंजळीनं. गूळ घरात नव्हता.
आणि लेकरू आणखीच सुकत गेलेलं.

आतडं तुटतं म्हणतात.
तुटत नाही. गळतं.
कुठूनसं विष येतं, पेशीच्या एका दाराची खिटी
उघडी अडकवून ठेवतं.
मीठ बाहेर, मागोमाग पाणी बाहेर,
घर उभं, आणि आतलं सगळं अंगणात.
पण शेजारीच दुसरं दार असतं.
विषाचा हात तिथवर पोचत नाही.
मोठं हट्टी दार. मीठ एकटं आलं, ओळख देत नाही.
साखर एकटी आली, तरी नाही.
दोघं हात धरून आली की अंग वळवतं,
आत घेतं.
आणि पाणी, ज्याला कुणी बोलावलेलं नसतं,
ते मुकाट मागून येतं.

मी धावले जलदासांच्या पाड्यावर.
निभारानी जाळं सांधत बसलेली.
तिच्या घरचं पाणी मोरियमच्या घरात चालत नसे,
याही घरचं त्यांच्यात.
तिनं काही विचारलं नाही.
जाळ्याच्या तुकड्यात खजुराचा गूळ बांधला
आणि माझ्याकडे न देता स्वतःच निघाली.
सासू उंबऱ्यात उभी होती.
बराच वेळ उभी होती.
मग बाजूला झाली.

तीन बोटांची चिमूट. चार बोटांची मूठ.
अर्धा शेर पाणी.
"चाखून बघ," मी म्हटलं, "आसवांहून खारट नको."
मोरियमनं आधी ओठाच्या कडेचं चाटलं, मग भांड्यातलं.
"एवढंच आहे," म्हणाली.
चमचा. ओकला. थांबलो.
पुन्हा चमचा.
कंदिलाची काच दोनदा पुसली.

पहाटे दुलू मुतला.
माझ्या पदरावर, ऊन ऊन.
सासू हसली, आणि हसली हे कळताच
पाठ फिरवून राखुंडी शोधू लागली.

महिन्यानं तपासनीस आला,
सायकल होडीत घालून, बगलेत कागद.
आमचा पगार त्या कागदावर ठरायचा,
बाईला जेवढं आठवेल तेवढे टाका.
"मीठ किती घालायचं?"
"माझ्या डोळ्यांत होतं तेवढं."
"गूळ?"
"निभारानीनं आणला तेवढा."
त्यानं पेन्सिल जिभेवर ओली केली,
दोन फुल्या मारल्या.
त्या घराचे माझे पैसे बुडाले.

मी भांडायला तोंड उघडलं खरं,
पण काही ऐकू जाईना.
दुलू होडीत चढून सायकलची घंटा वाजवत होता,
थांब म्हटलं तरी.