बर्थ

वास्कोत, पालिकेच्या जिन्याखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर.
टाइपरायटरची ई जराशी वर उडते,
आयचं टिंब कागदाला भोक पाडतं.

सांतान फुर्ताद आला. तारवटी,
तीस वर्षांनी बोट सोडून घरी बसलेला.
अर्ज स्वतःच लिहून आणलेला:
बर्थ सर्टिफिकेट मिळावं. ई घालून.

म्हटलं, पात्रांव, इथं आय.
आय घातला की मूल होतं,
ई घातली की जहाज धक्क्याला लागतं.
कानाला विचारू नका,
कान दोघांनाही आत घेतो.

तो हसला नाही.
म्हणाला, बाप माझा सहा नंबरच्या बर्थवर कामाला.
आई डबा घेऊन गेली, तिथंच कळा आल्या.
खनिजाच्या ढिगाआड ताडपत्री धरली चौघांनी,
तोंडं दर्याकडे करून.
क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली.
आता सांग, कुठलं अक्षर?

मी डिचोलीच्या मराठी शाळेतला.
माझ्या लिपीत हा प्रश्नच उठत नाही:
ब, आणि थ वर रफार.
मूल, जहाज, दोघं त्या एका आकड्याला अडकवलेली.
पण आत खिडकीशी बसलेली बाई
रफार वाचत नाही.

आय मारला. तीन प्रती.
त्यानं कागद उजेडाला धरला,
टिंबाच्या भोकातून बंदराच्या दिशेला बघितलं,
घडी घातली.

मग खिशातून वीसची नोट:
आणखी एक कर.
चुकीची.
घरात ठेवायला.