तारण

सरवटेला उतरलो तेव्हा साडेसहा वाजले होते.
पोह्यांच्या पातेल्यातून वाफ,
जिरावणाची डबी, झाकणाला तीच भोकं.
"भिया, सेव ज्यादा?" पोहेवाल्यानं विचारलं.
अकरा वर्षांनी इंदुरात कुणीतरी मला
भिया म्हणालं, ओळख न विचारता.

कोटाच्या आतल्या खिशात पाकीट होतं.
सतरा हजार चारशे, वर व्याज,
दरसाल दर शेकडा बारा, सरळ.
चक्रवाढ मला परवडलं नसतं.

मी शांतवन पाटोळे, मंडळीचा खजिनदार.
होतो.
छपराच्या निधीतले पैसे आधी उसने घेतले,
मग घेतले,
मग एका शनिवारी रात्री रजिस्टर कपाटात ठेवलं,
किल्ली खिडकीत ठेवली
आणि खंडव्याची बस धरली.

तिथं सोन्यावर कर्ज देणाऱ्या पेढीत कारकुनी.
दिवसभर एकच शब्द लिहायचा.
तारण: बोरमाळ एक, मणी दोन कमी.
तारण: बाळाची अंगठी, चेपलेली.
रविवारच्या शाळेत हाच शब्द
आम्ही टाळ्या वाजवून म्हणायचो.
आता त्यापुढं मुदत लिहायची,
मुदत संपली की लिलाव.
बायका काउंटरवर हात ठेवायच्या.
चेहरे मी विसरायचो, मनगटं नाही.

चर्चमध्ये पोचलो तेव्हा दुसरं गीत चालू होतं.
मागच्या बाकावर बसलो, दाराजवळ,
निघून जायला सोपं पडावं म्हणून.
वर पाहिलं.
छप्पर नवं होतं.
हे मी धरून चाललो नव्हतो.
अकरा वर्षं मी त्या छपरातून गळत होतो,
स्वप्नात वेदीपाशी बादली ठेवलेली असायची,
आणि इथं निळे पत्रे, रंगवलेल्या कैच्या,
आडव्या लोखंडावर एक चिमणी, खाली बघत.

शास्त्रभाग वाचणारी मुलगी
खंडणी या शब्दाशी आली
तेव्हा पुढच्या बाकावरचा पोरगा हसला.
त्यानं तो फक्त बातम्यांत ऐकलेला.

दानाच्या गीताला दुर्कसबाई उठल्या,
परदेशीपुऱ्यातल्या, शिवणकाम करणाऱ्या,
आता कमरेत वाकलेल्या.
मखमली पिशवी, लाकडी दांड्याची, तीच.
वाटलं, मला ओलांडून जातील.
नाहीतर सगळ्यांसमोर नाव घेतील.
खरं सांगू, मला तेच हवं होतं.
उत्तरं पाठ करून आलो होतो.

त्या थांबल्या. म्हणाल्या,
"डावीकडची रांग तू घे.
माझे गुडघे राहिले नाहीत."
आणि दांडा माझ्या हातात.

तेव्हा मनगट दिसलं.
पाटल्या होत्या त्यांच्या, दोन, आईच्या.
मशीन चालवताना वाजायच्या,
सबंध गल्लीला तो आवाज ठाऊक.
आता सोन्याखालचा फिकट पट्टासुद्धा नव्हता,
उन्हानं केव्हाच भरून काढलेला.
मी छपराकडे पाहिलं.
मग परत मनगटाकडे.
मला कुणी काही सांगितलं नाही. अजूनही नाही.
पेढीवरच्या माणसाला सांगावं लागत नाही.

मी रांग घेतली.
हात थरथरत होता, नाणी वाजत होती.
एका पोरानं दहाची नोट टाकली
आणि पाच परत मागितले.
मी काढून दिले, मग घाबरलो:
पिशवीत हात घातला होता मी,
सगळ्यांदेखत.
कुणीच पाहिलं नाही.
किंवा सगळ्यांनी पाहिलं.

नंतर, ओट्यावर, पाकीट पुढं केलं.
"ते खातं बंद झालं रे," दुर्कसबाई म्हणाल्या,
"चहा घे आधी, निवतोय."
आलं जरा जास्तच होतं.
मी दोन कप प्यालो,
मला न परवडणारं काहीतरी
फुकट पितोय अशा लाजेनं,
आणि तिसराही मागितला.

पाकीट अजून कोटात आहे. त्याचं काय करायचं
ते मला कळलेलं नाही.
पिशवीचा दांडा मात्र सैल झालाय.
रविवारी येताना
खिळा आणायला हवा.