देणाऱ्याचा तपशील

जुलैची एकोणतीस. पोर्टल रांगतंय.
रामबागेत औषधाच्या दुकानावर माझी खोली.
खाली खोकल्याचं सिरप, वर मी,
बत्तीस वर्षं लोकांची उत्पन्नं भरतोय.
सियागंजचा हिंग, जेल रोडचे सुटे भाग,
एका घोड्यांच्या डॉक्टरची फी,
सगळ्याला कुठला ना कुठला रकाना मिळालाय आजवर.

शर्वाणी बिडवई समोर बसली, हेल्मेट मांडीवर.
काय विकतेस?
"संध्याकाळी."
संध्याकाळी काय?
"नाही हो काका. संध्याकाळीच. नगावर."

एक जग आहे म्हणे, तिथे सूर्य बसवून घ्यावा लागतो,
पंखा बसवतात तसा.
लोकांनी प्लॉट घेतले, घरं बांधली,
मग लक्षात आलं, दुपार हलतच नाहीये.
तर ही सिरपूर तलावावर जाते,
साडेसहाचा उजेड टिपते,
घरी येऊन मापात कापते, कडा दुमडते
आणि लिथुआनियातल्या कुणाच्या तरी अंगणावर
ताणून देते.

कच्चा माल?
"सिरपूर."
खरेदीची पावती?
ती हसली. मी लिहिलं, शून्य.
पेट्रोल धरलं. एका रात्रीची रिक्षा धरली,
स्कूटर पंक्चर झाली होती तेव्हाची.
खर्च वजा जाता चौदा लाख वीस हजार.
माझ्याहून जास्त. मी चष्मा पुसला.

त्याखाली एक ओळ होती. बेट.
"ते घेतलं नाही. मिळालं."
कोणाकडून?
"मैत्रिणीकडून."
नाव काय तिचं?
"माहीत नाही. तिथे ती बगळा असते.
पायघोळ कोट घालते."

चार वर्षं दोघी रोज रात्री त्या बेटावर बसत.
बगळ्याच्या गावी तेव्हा पहाट.
मागे कधी भांडी लावल्याचा आवाज, कधी किटली,
कधी खोकला.
पुढे पुढे खोकलाच.
नोव्हेंबरात एके दिवशी बेट हिच्या नावावर झालं.
सोबत निरोप: दिवे मालवत जा.
त्यानंतर बगळा आलेला नाही.

बाजारभाव दोन लाख साठ हजार.
पुस्तक न उघडता सांगतो मी हे:
परक्या माणसानं दिली तर भेट, कर लागतो.
मरताना लिहून ठेवली तर लागत नाही.
मानलेली बहीण कायद्यात बसत नाही.
म्हणालो, बघ पोरी, आठ महिने पत्ता नाही,
खोकला होता असं तूच म्हणतेस,
निरोपाला मृत्युपत्र म्हणून बघता येईल,
कुणी विचारलंच तर मी आहे.
चव्वेचाळीस हजार सातशे वीस वाचतात.

खाली कुणी सुटे मागत होतं, दुकानदार नाही म्हणत होता.
तिनं हेल्मेटची पट्टी अडकवली,
सोडवली, पुन्हा अडकवली.
"भेट लिहा."
अगं, पण
"भेट लिहा काका. मी भरते."

फॉर्म देणाऱ्याचं नाव विचारत नाही.
मी आपलं आमच्या फायलीत लिहून ठेवलं:
बगळा. नातं, परकं.
पुढे काय लिहावं ते सुचेना,
मग पेन्शनवाल्यांच्या कागदांवर
दर नोव्हेंबरात लिहितो तोच शब्द लिहिला:
हयात.

तिकडचे म्हातारे हा दाखला
पैसे यावेत म्हणून देतात.

चलन निघायला वीस मिनिटं लागली.
तिनं ते घडी न घालता नेलं,
जिन्यात वाकडं धरून, भिंतीला लागू नये असं.
फी मी घेतली. पूर्ण.
पावतीही दिली.