अक्षर

पुंता अरेनास. हॉस्पिटलच्या तळघरात
वारा पोचत नाही, त्याचा दाब तेवढा पोचतो:
दार अर्धं बोट आत येतं, परत जातं.

कपाटात अकरा वर्षांच्या टेपा,
पाठीवर डॉन एलेउतेरिओंचं तिरकं अक्षर:
वार, तारीख आणि मधूनच, का कोण जाणे,
बाहेरच्या बर्फाची उंची.
रोज पहाटे प्रिंटरमधून एकच शब्द यायचा: यशस्वी.
तो कागद ते फायलीला लावायचे,
उरलेलं माते संपवायचे आणि घरी जायचे.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
आम्ही अकरा वर्षं मुठीच मोजत होतो.

जूनमध्ये नवा ड्राइव्ह आला, जुना भंगारच्या खोलीत गेला.
कोणी मागितली नव्हती, तरी सहज म्हणून
मी एक टेप आत सरकवली.
तो घरघरला, मागे गेला, पुढे गेला,
आणि दुकानदार परदेशी नाणं परत देतो
तशी त्याने ती परत दिली.
दुसरी. तिसरी. बाविसावी.

टेपा कोऱ्या नव्हत्या.
जुन्याचं लिहायचं डोकंच
केसभराहून कमी, पण कललेलं होतं.
तो वाकडं लिहायचा
आणि आपलं वाकडं आपणच सरळ वाचायचा.
त्याचं अक्षर फक्त त्यालाच लागत होतं.

डॉन एलेउतेरिओ आले, लोकरी टोपी न काढता.
भंगारातून त्याला उचलून आणलं, जाळीतली धूळ फुंकली.
"रोज तर हो म्हणायचा, नेलिदा," एवढंच बोलले.

नऊ रात्री तो वाचत राहिला, मी उतरवत राहिले.
दोन टेपा त्यालाही लागल्या नाहीत.
त्यांच्यातली चारशे बारा नावं यादीत आहेत.
नावंच आहेत.

आता दर महिन्याचा पहिला गुरुवार.
दुसरा ड्राइव्ह, रिकामं मशिन,
आणि चिठ्ठी टाकून काढलेली एक फाईल.
आकडे जुळले तरी मी उठत नाही.
उघडते. बघते.

परवा कोणाचं तरी मनगट आलं, २०१४ सालचं,
काळ्यावर पांढरं, तडा गेलेलं,
पण पुरतं.
आतली आठही छोटी हाडं मी बोटाने मोजली.
मग वहीत सही केली,
आणि वर जाऊन, पट्टी रोवून,
शेजारी लिहिलं: बर्फ, चार सेंटीमीटर.