अडीच बारचं गेज

इंजिनाच्या पट्टीवर कोरलंय: मरीन.
समुद्र या जिल्ह्याच्या वाट्याला आलेला नाही.
आलं ते नर्मदेचं थांबलेलं पाणी,
आणि त्यावर ही दवाखान्याची बोट,
जी हल्ली घाट चढणाऱ्या ट्रकसारखा काळा धूर सोडते.

मी भुसावळहून निघालो. धडगावपर्यंत एसटी,
पुढे जीपच्या टपावर, मांडीवर पिशवी:
गेज, हातभर नळी, पितळी जोड, टेफलॉनची पट्टी.
डिझेल शेडमध्ये नेहेते मिस्तरी म्हणायचे,
"धुराले काय इचारतो? हवेले इचार."

डिझेल कुणीही ओततं.
ते जळायला लागणारी हवा मात्र
टर्बोचं तळहाताएवढं चाक
पिंजून, आवळून, ढकलून आत कोंबतं.
किती आवळली, एवढंच मला मोजायचं असतं.

इनटेकवरचा बूच तेरा वर्षं कुणी उघडला नव्हता.
पाना सटकला, बोटाची साल गेली.
वेस्ता पावराने जखमेवर तंबाखूची चिमूट दाबली
आणि स्वतःच कळवळला.

"बोट बांध," म्हटलं.
दोन दोर, काठावरच्या दोन सागांना.
मोकळ्या इंजिनाला काही दुखत नसतं;
ओझं ओढायला लावलं की कण्हतं.

थ्रॉटल पूर्ण. दोर ताठ. शेळ्या पांगल्या.
काटा आधी नुसताच थरथरला,
नळीत सुईच्या भोकाचा अडसर घातला तेव्हा निवला:
शून्य पूर्णांक सात.
पुस्तकात एक पूर्णांक तीन.

मग बाकीची हवा जाते कुठे?

सिस्टर मोगराबाई वसावेंनी हात धुवायचा साबण दिला.
वाटीत फेस केला, फडक्याने सांध्यासांध्याला लावत गेलो.
कूलरपुढच्या रबरी होजवर,
क्लिपच्या अगदी खाली, जिथे डोळा पोचत नाही,
फुगे आले. फुटले. पुन्हा आले.
नखाएवढी चीर.

"एवढ्याशातून?" सिस्टर म्हणाल्या.
"चैत्रात एकदा अर्धा तास उशीर झाला होता आम्हाला."
कुणाकडे जायला, ते त्यांनी सांगितलं नाही.
मी साबणाची वाटी विसळत राहिलो,
ती स्वच्छ झाल्यावरही.

नवा होज नव्हता.
जुनाच दोन बोटं कापला, पुढे सरकवला, क्लिप आवळली.
पुन्हा दोर, पुन्हा पूर्ण, पुन्हा शेळ्या.
एक पूर्णांक एक.
राहिलेले दोन दशांश उन्हाचे;
त्रेचाळीस अंशांत हवाच विरळ येते.
वहीत तारीख लिहिली, फेरे लिहिले, दाब लिहिला,
आणि शेऱ्यात: ऊन.

वेस्ता मघापासून गेजकडेच बघत होता.
"यात पाण्याचा दाब कळतो का?"
कळतो.
"मग सोड इथं खाली. आमचा मोह आहे तिथं.
लावला नव्हता कुणी, आपोआप आलेला.
वीस पुरुष पाणी असेल वर."

मी हिशोब केला. सवयच आहे.
दहा मीटरला एक बार.
वीस पुरुषांना साडेतीन.

माझं गेज अडीचला संपतं.

तसं सांगितलं त्याला.
त्याने काचेवर एकदा बोट ठेवलं, अडीचच्या पुढे,
जिथे नुसता पांढरा पत्रा आहे,
आणि दोर सोडायला गेला.